वाचकांचे प्रश्न : आधी दारू की आधी डोकं?

गेल्या अंकात बायकांच्या पिण्याबद्दल चार ओळी लिहिल्या होत्या. त्यावर आलेली पत्रं पाहून संपादकांनी यावेळची सगळी पानं याच विषयाला देऊन टाकली. बहुतेक पत्रांवर नाव नाही, फक्त गाव आहे. नाशिक आणि आजूबाजूचीच जास्त, कारण मी इथलीच. मानसोपचार विभागात समाजसेविका म्हणून सगळी नोकरी इथेच झाली. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. औषधांची नावं समजण्यापुरती घेतली आहेत. डोस मी सांगत नाही, ते तुमच्या डॉक्टरांचं काम.

प्रश्न : माझी धाकटी बहीण ३४ वर्षांची आहे. डी.एड. करून खासगी शाळेत शिकवत होती. लग्न मोडल्यावर नाशिकरोडला आमच्याकडे परत आली. तिला बायपोलर आहे, म्हणजे कधी मन उसळतं, कधी अगदी खचतं; त्यावर लिथियमच्या गोळ्या चालू आहेत. दोन-अडीच वर्षांपासून पिते, आता तर सकाळपासूनच. मानसोपचारतज्ज्ञ म्हणाले, आधी दारू सोडवा, पीत असेल तर माझ्या गोळ्यांचा उपयोग नाही. व्यसनमुक्ती केंद्रवाले म्हणाले, मेंटल पेशंट आम्ही घेत नाही. आणखी एका ठिकाणी ‘घेऊ, पण इथे सगळ्या गोळ्या बंद’ असं सांगितलं. डी.एड.च्या परीक्षेआधी ती चार-पाच रात्री झोपली नव्हती, आईची पाटली विकून मैत्रिणींना साड्या वाटून आली होती. तेव्हा दारूचा संबंधही नव्हता. आता कधी कधी तिची जीभ जड होते, तोल जातो, आणि ती शपथ घेते की आज घेतली नाही. विश्वास कोण ठेवणार? आई म्हणते, खोलीत कोंडून ठेवू, आठ दिवसांत उतरेल. काय करावं? (एक भाऊ, नाशिकरोड)

उत्तर : आईंना आधी सांगा, कोंडायचं नाही. सकाळपासून पिणाऱ्या बाईची दारू एकदम तोडली की सहा ते चोवीस तासांत हात थरथरायला लागतात, घाम फुटतो, उलट्या होतात, झोप उडते. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या आसपास काहींना भास सुरू होतात. चादरीवरून मुंग्या चालताना दिसतात, नसलेल्या माणसांशी बोलणं चालतं, ताप चढतो, सकाळ आहे की रात्र ते कळत नाही. घरचे बाहेरची बाधा समजून अंगारे-धुपारे करत बसतात आणि माणूस हातचा जातो. हे दिवस दवाखान्यातच काढायचे असतात. तिथे थरथर आणि फिट आवरायची औषधं देतात, थायमिन म्हणजे बी-१ जीवनसत्त्वाची इंजेक्शनं देतात. थायमिन न देता नुसती ग्लुकोजची बाटली लावली तर मेंदूला इजा होऊ शकते. म्हणून गल्लीतल्या डॉक्टरांकडे ‘अशक्तपणा आहे, सलाईन लावा’ म्हणून नेऊ नका. ‘ही रोज पिते’ हे पहिल्या वाक्यात सांगा.

आता तुमच्या पत्रातली मला सगळ्यात खटकलेली ओळ. न पिता जीभ जड होते, तोल जातो. ती खरं बोलत असण्याची चांगलीच शक्यता आहे. लिथियमचं रक्तातलं प्रमाण एका अरुंद पट्ट्यातच राहावं लागतं. उलट्या झाल्या, जेवण-पाणी सुटलं की शरीरातलं पाणी आणि मीठ घटतं आणि लिथियम साठत जातं. मग हात जोरात थरथरतात, बोलणं लडबडतं, चालताना झोकांड्या जातात. बघणाऱ्याला वाटतं, चढवून आली. अंगदुखीला दुकानातून आणलेल्या आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅकसारख्या गोळ्यांनीही हे होतं. रक्त तपासून घ्या: रात्रीच्या गोळीनंतर बारा तासांनी, सकाळची गोळी घेण्याआधी. सोबत किडनी आणि थायरॉईडही. गुंगी असेल किंवा उभं राहवत नसेल तर मात्र सकाळची वाट पाहू नका, तशाच सिव्हिलला घेऊन जा आणि लिथियम चालू असल्याचं सांगा.

डॉक्टरांचं म्हणणं अगदीच चूक नाही. दारू चालू असताना उदासी, चिडचिड, झोपेच्या तक्रारी यांचं निदान कच्चं राहतं. पुष्कळ जणींची उदासी दारू थांबल्यावर दोन ते चार आठवड्यांत आपोआप ओसरते. पण तुमच्या बहिणीला तो नियम लागू नाही, आणि ते तुमच्याच पत्रात आहे. मी नातेवाइकांना एक कोरा फुलस्केप देते. मधून आडवी रेघ, रेघेवर वय. वरच्या बाजूला मनाचं लिहायचं: झोप कधी गेली, खर्च कधी सुटला, अंथरुणातून कधी उठेनाशी झाली. खालच्या बाजूला नशेचं: पहिला घोट, रोजचं पिणं, मधले कोरडे महिने. तुमच्या बहिणीच्या कागदावर पाटली आणि साड्या डी.एड.च्या वयाला, वरच्या बाजूला येतील आणि खाली तेव्हा कोरं असेल. आजार दारूच्या आधीचा आहे. दारू थांबली तरी तो राहणार, आणि तो उसळला की ती पुन्हा बाटलीकडे जाणार. हा कागद डॉक्टरांच्या हातात द्या. ओपीडीच्या गर्दीत तोंडी सांगितलेलं वाहून जातं, कागद केसपेपरला लागतो.

म्हणून ‘आधी हे, मग ते’ या भांडणात पडू नका. तिला राहून उपचार हवेत आणि दोन्ही उपचार एकाच छताखाली, एकाच फाइलवर हवेत. अशा ठिकाणी पहिला आठवडा शरीराचाच असतो. रक्त, लिव्हर, आणि गर्भधारणेची तपासणी. ही शेवटची मी मुद्दाम सांगते, कारण पुरुष डोळ्यांसमोर ठेवून उभारलेल्या केंद्रांना ती सुचतच नाही. बायपोलरवर दिलं जाणारं व्हॅल्प्रोएट हे औषध पोटातल्या बाळाला फार घातक आहे. मूल होण्याच्या वयातल्या बाईला ते शक्यतो देत नाहीत. तुमच्या बहिणीच्या गोळ्या बदलायची वेळ आली तर हे विचारा. मग दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यापासून डोकं जरा निवळलं की बोलणं सुरू होतं, एकटीचं आणि गटातलं. पुरुषांच्या गटात कबुली द्यायला लावणं, चारचौघांत चुका वाचायला लावणं हा प्रकार चालून जातो. मार खाल्लेल्या, लहानपणी कुणी हात लावलेल्या बाईला तसं उभं केलं तर ती दुसऱ्या दिवशी बॅग भरते. बायकांचा गट वेगळा आणि बोलणारी बाईच हवी, ते यासाठी.

जागा शोधणं अवघड आहे हे खरं. केंद्र सरकारने २०१९ मध्ये जाहीर केलेल्या देशव्यापी पाहणीत दारू पिणाऱ्या पुरुषांचं प्रमाण २७.३ टक्के आणि बायकांचं १.६ टक्के आलं. सगळी व्यवस्था त्या पहिल्या आकड्याकडे बघून उभी राहिली. पण बाई उशिरा पिऊ लागली तरी व्यसनात लवकर अडकते, तिचं लिव्हर लवकर बिघडतं, आणि घरचे लपवतात म्हणून ती दवाखान्यात सगळ्यात शेवटी पोचते. पुण्याच्या मुक्तांगणमध्ये, जे डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी १९८६ साली सुरू केलं, बायकांसाठी ‘निशिगंध’ हा स्वतंत्र विभाग आहे. नाशिकहून पाच-साडेपाच तासांचा रस्ता. गावापासून लांब हवं असणाऱ्या घरांना ते बरंच वाटतं. आजार जोरात उसळलेला असेल, जिवाचं काही करण्याची भीती असेल तर मात्र आधी रुग्णालयाचा मानसोपचार वॉर्ड किंवा ठाण्याचं प्रादेशिक मनोरुग्णालय, आणि स्थिर झाल्यावर केंद्र. इथे क्रम लागतो, पण तो आजाराच्या जोरावर ठरतो.

कुठलंही केंद्र असो, फोनवर विचारा. मानसोपचारतज्ज्ञ आठवड्यातून किती वेळा येतात? तिच्या चालू गोळ्या देणार की काढून घेणार? ‘सगळ्या गोळ्या बंद’ म्हणणाऱ्यांना तिथल्या तिथे नमस्कार करा. रात्री वॉर्डवर बाई नर्स आहे का? राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणाची नोंदणी आहे का, आणि प्रमाणपत्र बघायला मिळेल का? तिला फोन करू देणार का? महिनाभर कुणाशीच बोलायचं नाही असा नियम कुणी सांगितला तर तो नियम कायद्यात बसत नाही.

आणि सही. भावाच्या, नवऱ्याच्या नुसत्या सहीवर सज्ञान बाईला आत टाकता येत नाही. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यात दारू आणि अमली पदार्थांमुळे होणाऱ्या मानसिक अवस्थाही येतात. ती राजी असेल तर स्वतःच्या सहीने दाखल होते. राजी नसेल आणि जिवाला धोका असेल, किंवा स्वतःला सांभाळण्याच्या पलीकडे गेली असेल, तर कलम ८९ खाली तिच्या नामनिर्देशित प्रतिनिधीच्या, म्हणजे तिच्या वतीने बोलणाऱ्या माणसाच्या, अर्जावर, दोन तज्ज्ञांनी वेगवेगळं तपासून, जास्तीत जास्त ३० दिवसांसाठी दाखल करता येतं. बाई असेल तर दाखल करून घेणाऱ्या संस्थेने तीन दिवसांच्या आत मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळाला कळवायचं असतं. पुरुषासाठी ही मुदत सात दिवसांची आहे. तुमची बहीण शुद्धीत असताना तिच्याशी एकदा बोलून बघा. एवढं सगळं सांगून मी शेवटी हेच सुचवते, कारण बायका बहुतेकदा नाही म्हणत नाहीत. त्यांना आजवर कुणी विचारलेलं नसतं.

दाखल केल्यावर भेटीचा दिवस चुकवू नका. पुरुषांच्या वॉर्डबाहेर बायका डबे घेऊन तासभर आधीपासून बसलेल्या असतात; पुरणपोळी काय, मटण काय. बायकांच्या वॉर्डबाहेर एखादी आई, एखादा भाऊ. नवरे तर मोजकेच. आतल्या बायका त्या दिवशी सकाळी केस विंचरून तयार होतात आणि दुपारी तशाच झोपून जातात. मेडिक्लेमचं विचाराल, तर कायद्याने मानसिक आजाराला विमा द्यावाच लागतो, पण बऱ्याच पॉलिसींत दारू आणि नशेच्या उपचारांना वगळलेलं असतं. दाखल करण्याआधी कंपनीकडून लेखी उत्तर घ्या.

प्रश्न : बायको पिते. केंद्रात जायला तयार नाही. चहातून किंवा वरणातून न कळत देता येईल अशी पावडर मिळते, त्यातली चांगली कोणती? तिला डिप्रेशनच्या गोळ्याही आहेत. (एक वाचक, सातपूर)

उत्तर : कोणतीच नाही. या पुड्यांमध्ये काय असतं ते विकणाराही सांगत नाही. डायसल्फिराम असेल तर त्यावर दारू प्यायल्यावर चेहरा लालबुंद होतो, छाती धडधडते, उलट्या होतात, रक्तदाब कोसळतो. यात माणसं दगावतात. औषध बंद केल्यावरही त्याचा परिणाम दोन आठवड्यांपर्यंत राहू शकतो. ज्यांना भ्रम-संशयाचा आजार आहे त्यांचा तो यामुळे वाढतो. हे औषध जिला पूर्ण माहिती आहे, जी राजी आहे आणि जिचं लिव्हर-हृदय तपासलेलं आहे तिलाच, डॉक्टरांच्या देखरेखीखाली देतात. ओढ कमी करणारी नाल्ट्रेक्सोन, अकॅम्प्रोसेट अशी दुसरी औषधंही आहेत; तीही डॉक्टरांना विचारूनच. तुम्ही तिला न सांगता चहात काही घातलंत आणि तिला कळलं, तर ती तुमच्या हातचं पाणीही घेणार नाही. ती केंद्रात यायला तयार नसेल तर तुम्ही एकटे जा. समुपदेशकाला भेटायला पेशंट सोबत लागत नाही. पिणाऱ्यांच्या घरच्यांसाठी अल-अ‍ॅनॉनच्या सभा असतात. तिथे बसलेल्या बायकांमध्ये तुम्ही एकटे पुरुष असाल कदाचित. बसा.

प्रश्न : ताई, मी २७ वर्षांची आहे. बाळ दीड वर्षाचं आहे. सिझर झाल्यापासून रडू येतं, रात्री बाळ झोपलं तरी मला झोप नाही. पहिल्यांदा वाइन घेतली ती गंगापूर धरणाकडे वाइनरीत, नवऱ्याच्या ऑफिसच्या लोकांबरोबर, सगळे हसत होते. आता कपाटातली व्हिस्की पाणी घालून सारखी करून ठेवते. नवरा हात उचलतो, मी पिते म्हणून. आधीही उचलायचा. सासू म्हणते, केंद्रात गेलीस तर बाळ विसर. बाळ झोपलं की कधी कधी वाटतं, गोदावरीवरच्या पुलावर जावं. (नाव नको, नाशिक)

उत्तर : तुला ‘तू’ म्हणते, चालेल ना? पत्रातलं शेवटचं वाक्य आधी. आज, हे वाचून झाल्यावर, १४४१६ या नंबरवर फोन कर. ही सरकारची टेलिमानस सेवा आहे, रात्रंदिवस चालू असते, मराठीत बोलता येतं, पैसे लागत नाहीत. आणि एका माणसाला, बहीण, मैत्रीण, शेजारची काकू, कुणीही, पुलाचं जसं मला लिहिलंस तसंच सांग. ‘मला बरं वाटत नाही’ एवढ्यावर ठेवू नकोस. पाय घराबाहेर पडतोय असं वाटलं तर थेट सिव्हिलच्या अपघात विभागात जा, किंवा ११२ लाव.

बाळंतपणानंतरचं नैराश्य हे दुखणं आहे. वेळीच उपचार झाले नाहीत तर ते वर्ष-दीड वर्षही रेंगाळतं. झोप नाही, म्हणून दारू; दारूने झोप लागते पण मध्येच मोडते आणि सकाळ जास्त काळी होते. दोन्हींवर औषध एकदमच सुरू व्हायला हवं, आणि अंगावर पाजत असताना चालणारी नैराश्याची औषधं आहेत. डॉक्टरांना पाजतेस की नाही ते सांग. तोवर दोन गोष्टी पाळ. प्यायल्यावर बाळाला अंगावर घेऊ नकोस. थोडीच घेतली असली तरी किमान दोन तास जाऊ देत, जास्त घेतली तर जास्त. आणि प्यायलेल्या रात्री बाळाला तुझ्या कुशीत झोपवू नकोस, पाळण्यात ठेव. रोज घेत असशील तर स्वतःच्या मनाने एकदम बंदही करू नकोस. का, ते वर नाशिकरोडच्या भावाला लिहिलं आहे.

बाळाचं. सासूबाईंना कायदा माहीत नाही. मघाशी म्हटलेल्या त्याच कायद्याच्या कलम २१ प्रमाणे मानसिक उपचारांसाठी दाखल झालेल्या आईपासून तीन वर्षांखालचं मूल सर्वसाधारणपणे वेगळं करायचं नसतं. आईपासून बाळाला धोका आहे असं डॉक्टरांना वाटलं तर तात्पुरतं वेगळं ठेवता येतं, पण मग तो निर्णय दर १५ दिवसांनी तपासावा लागतो आणि देखरेखीखाली आईला बाळ भेटतंच. प्रत्यक्षात आई-बाळाला एकत्र ठेवण्याची सोय फार थोड्या ठिकाणी आहे, म्हणून आधी फोन करून विचार. तशी सोय मिळाली नाही तर बाळ कुणाकडे राहील ते तू ठरव, आईकडे, बहिणीकडे. घाईत सासरी सोडून येऊ नकोस. ताब्याचा प्रश्न कोर्टात गेलाच तर १९५६ च्या हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायद्यानुसार पाच वर्षांखालच्या मुलाचा ताबा सर्वसाधारणपणे आईकडे असतो. कोर्ट बाळाचं हित बघतं, आणि उपचार घेणारी आई लपून पिणाऱ्या आईपेक्षा कोर्टापुढे भक्कम उभी राहते. तुझे उपचारांचे कागद गोपनीय आहेत; सासूने मागितले म्हणून केंद्राला देता येत नाहीत.

एक काम अगदी आज होण्यासारखं आहे. साध्या कागदावर लिही की माझी नामनिर्देशित प्रतिनिधी अमुक, खाली तुझी सही, आणि त्या व्यक्तीची संमती. पुढे कधी तुझं भान सुटलं तर तुझ्या वतीने ती बोलेल, नवरा नाही.

‘मी पिते म्हणून मारतो’ असं लिहून पुढच्याच ओळीत ‘आधीही उचलायचा’ असं तूच लिहिलंस. हे वाक्य डॉक्टरांनाही सांग. मारहाण चालू असलेल्या घरात परत पाठवायचं असेल तर केंद्राने डिस्चार्जआधी त्याची सोय लावायला हवी. चांगली केंद्रं लावतात. १८१ ही महिला हेल्पलाइन आहे, आणि २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली संरक्षण अधिकाऱ्याकडे तक्रार देता येते. ती कधी द्यायची ते तुझं तू ठरव.

प्रश्न : सासरे वारल्यावर डॉक्टरांनी सासूबाईंना झोपेची गोळी दिली होती, अल्प्राझोलाम. महिनाभरासाठी होती, सहा वर्षं झाली. आता रात्री तीन-तीन लागतात, मेडिकलवाला ओळखीचा आहे, चिठ्ठी मागत नाही. दिवसभर गप्प असतात, मिश्री लावत बसतात. द्राक्षबागेच्या गोडी छाटणीच्या गडबडीत मोरीत पडल्या, मनगट मोडलं. आमच्या ह्यांनी रागाने सगळ्या पट्ट्या चुलीत घातल्या. दोन दिवसांत त्यांची थरथर सुरू झाली, बडबड सुरू झाली, म्हणून घाबरून परत आणून दिल्या. त्यांना पण केंद्रात ठेवावं का? (एक सून, निफाड तालुका)

उत्तर : परत आणून दिल्यात ते बरं केलंत. या गोळ्या एकदम बंद केल्या की दारूसारखीच फिट येऊ शकते. त्या उतरवतात हळूहळू, थोडी थोडी कमी करत, काही आठवडे ते काही महिने. बऱ्याचदा डॉक्टर अल्प्राझोलामच्या जागी शरीरात जास्त वेळ टिकणारी गोळी देतात आणि मग तिची मात्रा घटवतात. सिव्हिलच्या मानसोपचार विभागात घेऊन जा, रिकाम्या पट्ट्या सोबत न्या.

केंद्रात ठेवण्याची गरज मला दिसत नाही. सगळ्यांनाच दाखल व्हावं लागत नाही. घरात गोळ्या मोजून देणारं माणूस असेल तर हे काम घरी होतं. तुम्ही आहात, पण किल्ली तुमच्याकडे आणि हिशेबाची वही त्यांच्या हातात ठेवा, नाहीतर सून गोळ्या देत नाही म्हणून गावभर होईल. आधी कधी फिट आलेली असेल, सोबत दारू असेल किंवा जगण्याचा कंटाळा बोलून दाखवत असतील तर मात्र दाखल करूनच उतरवावं लागेल. गोळीखाली काय दडलंय तेही डॉक्टरांना बघू द्या. सहा वर्षं गप्प बसलेली बाई झोपेची पेशंट नसते, बहुधा नैराश्याची असते, आणि त्यावरचा उपचार वेगळा.

तुमच्या मेडिकलवाल्याबद्दल. अल्प्राझोलाम एच-१ या यादीत आहे. चिठ्ठीशिवाय विकता येत नाही, आणि विकल्यावर डॉक्टर, पेशंट, औषध आणि मात्रा रजिस्टरला लिहून ते तीन वर्षं जपावं लागतं. मालेगावात पोरं जिला कुत्ता गोळी म्हणतात ती हीच. पोरं घेतात तेव्हा पोलीस धाड घालतात. आजी घेते तेव्हा घरचेच आणून देतात. मिश्री लगेच तोडायला जाऊ नका, एका वेळी दोन आधार काढून घेतले तर त्या तुमचं ऐकणार नाहीत. तोंडात पांढरा चट्टा किंवा न भरणारी जखम आहे का ते मात्र याच आठवड्यात दाताच्या डॉक्टरांना दाखवा.

प्रश्न : मुलगी सव्वा महिना केंद्रात राहून आली. दारू आणि डिप्रेशन दोन्ही होतं. दीड महिना चांगली होती. एए (अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस, दारू सोडू पाहणाऱ्यांचा गट) च्या सभेत कुणीतरी म्हणालं, डोक्याच्या गोळ्या म्हणजे पण व्यसनच, म्हणून तिने त्या सोडल्या आणि मागच्या शुक्रवारी प्यायली. सगळं फुकट गेलं का? शिवाय पुढच्या आठवड्यात चुलत बहिणीचं लग्न आहे, तिला न्यावं की नाही? (एक आई, सिन्नर)

उत्तर : फुकट गेलं नाही. एकदा घसरणं आणि पुन्हा रोज पिणं यात फरक आहे, आणि तुम्ही शुक्रवारचं शनिवारीच बोलू लागलात तर तो फरक टिकतो. केंद्रात फोन करून सांगा. तिथे कुणाला धक्का बसणार नाही. गोळ्या सोडल्या आणि प्यायली, हा क्रम डॉक्टरांना नीट सांगा आणि गोळ्या त्यांना विचारून लगेच परत सुरू करा. नैराश्याच्या नेहमीच्या गोळ्यांची नशा होत नाही, ओढ लागत नाही, वाढवत न्याव्या लागत नाहीत. अचानक थांबवल्या तर चक्कर, बेचैनी होते एवढंच. झोपेच्या गोळ्यांशी लोक त्यांची गल्लत करतात. एए च्या सभांनी अनेक बायकांना उभं केलेलं मी पाहिलंय, तेव्हा सभा सोडू देऊ नका. औषधांबद्दल सल्ला देणं हे एए चं काम नाही, हे तिथले जुने लोकच सांगतात. शक्य असेल तर बायकांची सभा कुठे भरते ते विचारा.

केंद्राने ठरवून दिलेल्या तारखांना न्यायला विसरू नका, बरी दिसत असली तरी. घरातून बाटल्या काढल्या असतीलच. माळ्यावरची जुनी पेटी, खोबरेल तेलाची बाटली, पॅडचं पाकीटही एकदा बघा, तिला सोबत घेऊन, तिच्यामागे नाही. पुन्हा घसरली आणि कुणाशी बोलावं कळेना झालं तर नशामुक्तीसाठी १४४४६ हा सरकारी नंबर आहे.

लग्नाला न्या. घरी एकटी ठेवलीत तर ते जास्त धोक्याचं. हळदीच्या रात्री गच्चीवर कोण काय घेऊन बसतं ते तुम्हाला माहीत आहेच, म्हणून हळद टाळा, सकाळी थेट अक्षतांना जा. एक मावशी किंवा मैत्रीण दिवसभर तिच्यासोबत ठरवून ठेवा आणि ‘मला निघायचंय’ असं ती म्हणाली की जेवण अर्धवट टाकून निघायची तयारी ठेवा. गाडी स्वतःची असली तर बरं. दुपारची गोळी पर्समध्ये. कुणी विचारलं, इतके दिवस कुठे होती, तर काय सांगायचं ते तिला आधी विचारून घ्या, आणि घरातल्या सगळ्यांनी तेच सांगा.